दुसरी फेरी

त्यांना सगळे टेकलासाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब, आणि पाठ वळली की टेकलासाहेब. मोटारसायकलचं पक्कं लायसन्स हवं असेल त्याला त्यांच्या मैदानावर यावं लागे. तिथे पांढऱ्या फक्कीने आठाचा भलामोठा आकडा आखलेला असे. त्यावरून पाय जमिनीला न लावता गाडी फिरवून दाखवायची. उमेदवाराचा बूट जमिनीला नुसता चाटून गेला तरी टेबलामागून आवाज यायचा, "टेकला!" आवाज चिडका नसे. कुणी घड्याळ बघून वेळ सांगावी, तसा असे. पण तो आला की फेरी बाद.

तरी त्यांना कुणी शिव्या देत नसे, आणि त्याला कारण होतं. त्या मैदानाची एक रीत होती, आणि ती त्यांनीच पाडलेली होती. ज्याचा पाय टेकला त्याने घरी जायचं नाही. हेल्मेट न काढता भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं. रांग संपली की टेबलावरून हाक यायची, "चला, भिंतीवाले!" मग भिंतीपाशी असलेल्या प्रत्येकाला आणखी एक फेरी मिळायची. नियमांच्या पुस्तकात ही फेरी कुठेही नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला एका थरथरणाऱ्या पोस्टमनला त्यांनी ती दिली होती. तो दुसऱ्या वेळी असा काही सुरेख फिरून आला की पुढे ते चालूच राहिलं.

"पहिल्या फेरीत नुसती भीती दिसते हो," ते म्हणायचे. "माणूस कसा चालवतो ते बघायचं तर त्याला पुन्हा सोडावं लागतं."

त्यांची एकुलती एक लेक नुकतीच नर्स झाली होती. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात तिला पिटू म्हणत. शिकत असताना ती एका फिरत्या नर्सबरोबर नदीपलीकडच्या वस्त्यांवर गेली होती. तिथल्या एका म्हातारीच्या पायाची जखम तिने धुऊन बांधली. निघताना म्हातारीने तिचा हात धरून ठेवला होता. "पुन्हा तूच ये गं. तुझा हात दुखवत नाही." पिटू म्हणून गेली होती, "येईन, आजी." आणि दिलेला शब्द म्हणजे तिच्या लेखी देवापुढे ठेवलेलं फूल. तिथल्याच आरोग्य केंद्रात फिरत्या नर्सची जागा निघाली आणि ती पिटूला मिळाली, तेव्हा घरात तिचा पाय ठरेना. अट एकच होती. वस्त्या लांब, रस्ते कच्चे, म्हणून स्वतःची मोटारसायकल हवी, आणि कामावर हजर व्हायच्या दिवशी पक्कं लायसन्स हातात हवं.

गाडी घ्यायला बापलेक जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले. पत्र्याच्या शेडखाली गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि तेलाचा आणि तापलेल्या रबराचा वास सुटला होता.

"साहेब, तुम्ही आणि माझ्या दारात!" व्यापाऱ्याने फडक्याला हात पुसले. "काही चुकलं का माझं?"

"माझ्या लेकीला गाडी दाखवा. आणि तोंड जरा कमी चालवा."

पिटूचा जीव एका लाल गाडीवर जडला. उंच, ऐटबाज, आरशासारखी लखलखीत. "बाबा, हीच."

"बस बघू."

ती बसली. दोन्ही पायांचे अंगठे कसेबसे जमिनीला लागले.

"ही गाडी नाही, शिडी आहे," ते म्हणाले. "उतर."

"ताई, उंच टाचांचे बूट घाला, काम झालं," व्यापारी म्हणाला.

"आणि तुम्ही तोंडाला कुलूप घाला."

मग त्यांनीच कोपऱ्यातली एक करडी गाडी बाहेर काढायला लावली. टाकीवर पोचा, सीट बसकी, बुटकी. पिटूने नाक मुरडलं. "ही तर एखाद्या रिटायर झालेल्या दूधवाल्याची वाटते."

"गाडीकडे नको, पायांकडे बघ."

तिने बघितलं. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले होते.

"ज्या गाडीवरून पाय टेकतो ती गाडी आपल्या ताब्यात राहते," ते म्हणाले. "वाट खराब असेल, मन घाबरलं असेल, तर सरळ पाय टेकायचा. त्यात लाज नाही."

पिटू खो खो हसायला लागली. "हे कोण बोलतंय? टेकलासाहेब?"

तेही हसले. लेकीच्या तोंडून ते नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांना ते आवडलंसुद्धा.

बंद पडलेल्या एका गोदामामागे मोकळं अंगण होतं. तिथे त्यांनी तिला शिकवलं. रोज संध्याकाळी ते फक्कीने आठ आखायचे आणि स्वतः त्याच्या मधोमध, दोन गोल एकमेकांना मिळतात तिथे, उभे राहायचे. "चाकाकडे बघायचं नाही. जिकडे नजर तिकडे गाडी. तू माझ्याकडे बघ." कुठल्याही गोलात असलं तरी बाहेर पडायची वाट मधूनच जायची, म्हणून ती त्यांच्याकडे बघायची आणि गाडी आपोआप वळायची. अगदी जवळ आली की ते अर्धं पाऊल बाजूला सरकायचे आणि मान हलवायचे, शाबास. ती मान बघून ती पुढच्या गोलात शिरायची. इतक्या लोकांना नापास केलेल्या त्या माणसाला स्वतः कुणाला शिकवायचा प्रसंग कधी आला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांना फार गोड लागल्या. आपण तिला रस्ता दाखवत नाही, आपला चेहराच दाखवतोय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

घरच्या माणसाची परीक्षा दुसऱ्याने घ्यावी, म्हणून पिटूची चाचणी त्यांचे जोडीदार, धाकटे साहेब, घेणार असं ठरलं होतं. पण आदल्या दिवशी धाकट्या साहेबांनी दाढ काढून घेतली, आणि गाल सुजून कानाला लागला. त्यांचा निरोप आला, येत नाही.

"मग आता?" पिटू रडकुंडीला आली. "सोमवारी हजर व्हायचंय मला."

"मी घेतो. त्यात काय? मैदानावर मी कुणाला ओळखत नाही."

"मलासुद्धा?"

"तुला तर मुळीच नाही," ते हसून म्हणाले, आणि तीही हसली.

पिटूच्या आईचा एक नेम होता. सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत ती कुणाशी शब्द बोलत नसे. लग्न होऊन घरात आली तेव्हापासूनचं हे मौन. आजारपणातही तिने ते पाळलं होतं. चाचणीच्या सकाळी ते बुटांना पॉलिश करत बसले होते, आणि मागून आवाज आला, "अहो."

त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. सकाळच्या त्या वेळेला बायकोचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"आज तिथे जरा तिचे बाबा म्हणून राहा," ती म्हणाली.

"अगं, तुझी प्रार्थना व्हायचीय ना अजून?"

"देव समजून घेईल मला. तुमचं मात्र सांगता येत नाही."

त्यांना हसू आलं. बायकांचं काळीज, झालं, असं मनाशी म्हणत त्यांनी ब्रश उचलला आणि दुसरा बूट चमकवायला घेतला.

मैदानावर बातमी आधीच पोचली होती. गाडी शिकवायचा क्लास चालवणारा मास्तर आपल्या विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन उभा होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"चला रे, घरी जाऊ. आजचा निकाल साहेबांच्या स्वयंपाकघरातूनच लागून आलाय."

घोळका हसला.

"साहेब, एक विचारू? आज पाय टेकला तर नुसतं 'टेकला' म्हणणार, का 'टेकला गं बाळ' म्हणणार?"

आता तर रांगेतली माणसंही हसली. साहेबांचे कान तापले. गंमतच होती ती, त्यात विष नव्हतं. पण ज्या माणसाकडे उभ्या आयुष्यात कुणी बोट दाखवलेलं नाही, त्याला हसणाऱ्या तोंडांतसुद्धा बोटं दिसायला लागतात. त्यांनी खुर्ची सरळ केली, टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि पिटूचं नाव पुकारलं. शेवटी म्हणाले, "या."

घरात तिला त्यांनी कधी "या" म्हटलं नव्हतं. हेल्मेटच्या काचेमागे तिचे डोळे क्षणभर थबकले. मग तिने करडी गाडी पुढे घेतली.

पहिला गोल तिने सुरेख घेतला. अर्धा क्लच, हात सैल, गाडी जशी पाण्यावरून चालली आहे. गोल संपवून ती मधल्या जागेकडे वळली आणि तिची नजर तिथे गेली. तिथे कुणी नव्हतं. असणार तरी कसं? पण रोजच्या संध्याकाळी तिथे एक माणूस होता आणि त्याची मान हलत होती. तिने ती मान शोधायला टेबलाकडे बघितलं. आणि आपण खुणा केल्या असं कुणी म्हणू नये, म्हणून साहेबांनी नेमकी तेव्हाच मान कागदात घातलेली होती.

जिकडे नजर तिकडे गाडी. गाडी आठ सोडून टेबलाच्या दिशेला झुकली, फक्कीच्या रेघेवर गेली. बाबांनी शिकवलं होतं तेच पिटूने केलं. पाय टेकला.

"टेकला!"

त्या दिवशीचा आवाज वेळ सांगणाऱ्याचा नव्हता. मोठा होता, घाईचा होता. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत म्हटलेला होता.

पिटू भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्याआधी तिथे एक बेकरीवाला आणि कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. बेकरीवाला तिला म्हणाला, "घाबरू नका ताई, मी तर रेघेवर सगळी गाडीच झोपवली." ती हसली. हेल्मेटचा पट्टा तिने आणखी घट्ट केला.

रांग संपली. साहेबांनी बेकरीवाल्याला बोलावलं. तो फिरला, पास झाला. बाईंना बोलावलं. त्याही पास झाल्या. पिटूने गाडीचा स्टँड काढला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब," मास्तर पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर गंमत राहिली नव्हती. "एक जण राहिली."

"घरच्यांना दुसरी फेरी नसते."

"अहो, मी आपली मस्करी केली हो. कुणी काही म्हणणार नाही. म्हणणार का रे?"

घोळक्याने जोरजोरात नाही-नाही अशा माना हलवल्या. ती सगळी माणसं त्या मुलीच्या बाजूने होती. तेवढं मन मोठं होतं त्यांचं. पण साहेबांना वाटलं, आता दिली तर मास्तरच्या सांगण्यावरून दिली असं होईल.

"पुढच्या महिन्यात या," ते पिटूला म्हणाले.

"बाबा—"

"हेल्मेट काढा आता. मैदान बंद झालंय."

तिने काढलं. केस कपाळाला चिकटले होते. ती रडली नाही. कच्च्या लायसन्सवर शिकवणारा माणूस बरोबर लागतो, म्हणून ती गाडी हाताने ढकलत घराकडे निघाली. त्यांनी बरोबर यायचं म्हटलं असतं तर ती कदाचित गाडीवर बसली असती. त्यांना कागद आवरायचे होते.

खरं सांगायचं तर घरी जाताना साहेबांची मान ताठ होती. आपण कसोटीला उतरलो असं त्यांना वाटत होतं. पोटच्या पोरीलाही सूट दिली नाही. हे वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी अंगणात करडी गाडी चादरीखाली झाकलेली दिसली, आणि ते पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

सोमवारी आरोग्य केंद्रातून फोन आला. मोठ्या नर्सबाईंचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "मुली, मला तूच हवी होतीस गं. पण तिकडे बाळंतिणी वाट बघतायत, त्यांना काय सांगू?" यादीतल्या पुढच्या मुलीला जागा गेली. पिटूने काही दिवसांनी शहरातल्या दवाखान्यात काम धरलं. जखमा बांधायच्या खोलीत. खोलीला एक खिडकी होती, आणि ती भिंतीसमोर उघडत होती.

घरात कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं साहेबांना पुढे कितीदा वाटलं. पिटू विचारल्याचं उत्तर द्यायची. जेवलीस का? हो, बाबा. दमलीस का? नाही, बाबा. आणि बायकोने सकाळच्या मौनाला संध्याकाळचंही मौन जोडलं.

"हे नवीन कशाला आता?" त्यांनी विचारलं.

"नेम मोडून एकदा बोलले," ती म्हणाली, "आणि तेही वाया गेलं. देवाचं तेवढं देणं फेडते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

एका संध्याकाळी पिटू घरात नव्हती आणि चादर घडी करून ठेवलेली होती. शेजारी राहणारा तिचा मामा तिच्याबरोबर गेला होता. साहेब पायी पायी गोदामापर्यंत गेले आणि भिंतीआड उभे राहिले. मामा एका कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होता. पिटूने आठ आखला होता. आणि मधोमध, ते उभे राहायचे नेमक्या त्या जागी, एक बादली पालथी घातली होती.

ती बादलीकडे बघत फिरली. छान फिरली. मग थांबली, उतरली, बादली उचलून कडेला नेऊन ठेवली. पुन्हा गाडीवर बसली. या वेळी मधल्या जागेपाशी आल्यावर गाडी डगमगली, जशी त्या दिवशी डगमगली होती. ती पुन्हा सुरुवातीला गेली. पुन्हा डगमगली. पुन्हा गेली. हळूहळू तिची नजर रिकाम्या जागेवरून पुढे सरकायला शिकली.

"आता कसं!" मामा ओरडला. "बादलीची कटकट गेली एकदाची!"

भिंतीआड साहेबांना सगळा उलगडा झाला. ती घाबरली नव्हती. तिला चालवता येत नव्हतं असंही नाही. त्यांनी तिला वळायला शिकवलं होतं ते आपल्या तोंडाकडे बघून, आणि ऐन वेळी तेच तोंड खाली घातलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे टेकलेले पाय मोजलेल्या माणसाला स्वतःचं चुकलेलं पाऊल एका पालथ्या बादलीने दाखवलं. ते पुढे झाले नाहीत. कुठल्या तोंडाने होणार? आल्या वाटेने परत गेले.

पुढच्या महिन्यात धाकट्या साहेबांनी तिची चाचणी घेतली. साहेब त्या दिवशी मुद्दाम ऑफिसात बसून राहिले.

"एकदम पक्की हो पोरगी तुमची," धाकटे साहेब सांगत आले. "डावी-उजवीकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलाकडे तर नाहीच."

"नाही बघणार," साहेब म्हणाले.

लायसन्स तिने आईला दाखवलं, मग फळीवर ठेवून दिलं. आईने ते देवापुढे ठेवलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. नदीपलीकडची जागा भरलेली होती. त्या म्हातारीची जखम आता कोण बांधतं, तिचा हात दुखवतो की नाही, हे घरात कुणी विचारलं नाही. पण तिघांच्याही मनात ते येत असणार.

मग एकदा साहेबांची स्कूटर दुरुस्तीला पडली. सकाळी ते अंगणात घुटमळले.

"पिटू, जाता जाता मला मैदानावर सोडशील?"

"बसा."

तिच्या मागे ते पहिल्यांदाच बसले. इतके दिवस ती गाडी चालवताना त्यांना तिचा चेहरा दिसायचा. आता हेल्मेटची पाठ दिसत होती. ती छान चालवत होती. खड्डा आधीच ओळखत होती, वळणावर नजर लांब टाकत होती. तिला आता समोर कुणी दिसायची गरज नव्हती.

रेल्वेचं फाटक बंद होतं. पुढे सायकली, एक टँकर. सगळे पाय टेकून उभे. पिटू थांबली नाही. फाटकाशेजारी मोकळी जागा होती, तिकडे तिने गाडी वळवली आणि अगदी सावकाश गोल घेतले. एक डावीकडून, एक उजवीकडून. लोक बघायला लागले.

"अगं, थांब ना. टेक पाय."

"सवय गेली, बाबा."

आवाज साधा होता. टोमणा असता तर त्यांनी हसण्यावारी नेला असता. गाडी फिरत राहिली. रेल्वे येण्याचं चिन्ह दिसेना. आपल्या लेकीला आता कुठेही पाय टेकता येत नाही, खराब वाटेवर नाही, घाबरल्यावरही नाही, आणि हे आपण केलंय, हे त्यांना त्या गोल गोल फिरण्यात जितकं कळलं तितकं पायरीवर बसूनही कळलं नव्हतं.

त्यांनी आपला पाय खाली सोडला.

चमकवलेला बूट खडीवरून फरफटला. गाडीला हिसका बसला, तिने क्लच दाबला आणि गाडी थांबली. तिचे दोन्ही पाय अजून वरच होते. गाडीचा, तिचा, सगळा भार त्यांच्या एका पायावर आला. त्यांनी गुडघा ताठ धरला.

"माझा टेकला," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुला दुसरी फेरी द्यायला हवी होती मी."

तिने मान वळवली नाही.

"हो," ती म्हणाली. "हवी होती."

एवढंच. असू दे म्हणाली नाही, आणि ते म्हणावं अशी त्यांनीही अपेक्षा ठेवली नाही. थोड्या वेळाने तिचा पाय खाली आला, त्यांच्या बुटाशेजारी, आणि गुडघ्यावरचा भार हलका झाला. रेल्वे धडधडत गेली. फाटक वर उचललं गेलं. टँकर हलला.

"पाय वर घ्या, बाबा," ती म्हणाली. त्यांनी घेतला, आणि मग तिने.